खाऱ्या पाण्याची बाटली

"ही बाटली भरलेली कशी काय?"

दिनकरराव डॉक्टरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली होती. बूच जसंच्या तसं, दवा गळ्यापर्यंत आणि खुराक मोजायला काचेला चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी अगदी नवी. तानुबाईला वाटलं, आपल्याला आता शाबासकी मिळणार.

"एक थेंब सांडू दिला न्हाई, साहेब," ती म्हणाली. "खुटीला टांगून ठिवली व्हती. गाडीत बी मांडीवर धरून आणली."

डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली आणि बाकावर पडलेल्या मुंजाजीकडे पाहिलं. तानुबाईचा एकुलता एक लेक. बावीस-तेवीस वर्षांचा गडी, ज्वारीचं पोतं एका दमात उचलणारा. तो आता गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी कमरेच्या वर दाबून धरून ओठ चावत होता. गेल्या आठवड्यात त्याला छातीचा ताप भरला, खोकताना गंजासारखा बेडका पडायला लागला, तेव्हा तिनं त्याला याच जिंतूरच्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली, ही बाटली दिली. ताप तर दुसऱ्या दिवशीच उतरला. सगळी आळी बघायला आली, एवढा झपाट्यानं उतरला. आणि काल दुपारपासून लघवी बंद. जोर केला की थेंब, तोही लाल.

"गोळीबरोबर हे पाजायला सांगितलं होतं ना मी?"

"पाजणारच व्हते की. गोळ्या सरल्यावर. दोन दवा एका पोटात घातल्या तर भांडत्यात, साहेब. म्हणलं, आधी गोळ्या व्हऊ द्या, मंग बाटली."

"आणि पाणी? दर गोळीला तांब्याभर पाणी सांगितलं होतं."

शिकलेला माणूस साधी गोष्ट विसरला की आपण कसे सांभाळून घेतो, तसं तानुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तापात पानी कसं द्यावं, साहेब? ताप उतरला तरी गोळ्या सरंस्तवर गिळापुरताच घोट दिला. लय मागायचा, पर मी दिलं न्हाई."

आता यात तानुबाईचं चुकलं म्हणावं, तर साऱ्या गावाचं चुकलं म्हणावं लागेल, आणि शिवेपलीकडच्या गावांचंही. तापात पाणी पाजलं की ताप हाडात शिरतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. बाई काही निष्काळजी नव्हती. उलट इतकी काळजी घेणारी बाई पंचक्रोशीत शोधून सापडली नसती. सूर्य बघून तिनं गोळ्या दिल्या, एक चुकवली नाही. लेकाला चिंचेचं बोटुक लावू दिलं नाही, ताक दाखवलं नाही. तिनं दोन्ही चुका मन लावून केल्या होत्या, आणि तेच डॉक्टरांना जास्त लागलं असावं. कारण ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर तानुबाईला बरं वाटलं असतं. ते गप्प बसले, तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

दवाखाना निजामाच्या वेळचा. दारावरची उर्दू पाटी अजून तशीच होती आणि तिच्याखाली कुणीतरी चुन्यानं मराठीत 'सरकारी दवाखाना' असं लिहिलं होतं. आत एक टेबल, एक काचेचं कपाट आणि खिडकीपाशी डॉक्टरांचा जीव की प्राण असलेली पितळी सूक्ष्मदर्शक दुर्बीण. हिवतापाचं रक्त बघायला आणलेली. तिला ते कंपाउंडरलासुद्धा हात लावू देत नसत.

बन्सीधर कंपाउंडरनं मुंजाजीला आधार देऊन बसतं केलं आणि महत्प्रयासानं काचेच्या पेल्यात चार थेंब धरले. डॉक्टरांनी त्यात निळ्या कागदाची बारीक पट्टी बुडवली. पट्टी तानुबाईच्या डोळ्यांदेखत लाल झाली.

"आंबट आहे," डॉक्टर म्हणाले. "फार आंबट."

"आंबट?" तानुबाई कळवळली. "देवाशपथ सांगते साहेब, आंबटाचा कण दिला न्हाई म्या. दव्यावर आंबट चालत न्हाई, एवढं कळतंय मला."

"खाण्यातलं आंबट नव्हे हो. माणूस तापला, उपाशी राहिला की अंगातच आंबट तयार होतं. ते बाहेर टाकायचं तर पाणी लागतं. पाणी नाही, म्हणून सगळं दाट झालं."

एवढं बोलून त्यांनी एक थेंब काचेवर घेतला, वर नखाएवढी पातळ काच ठेवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. खालचा आरसा फिरवला. मग त्यांचा हात तसाच राहिला.

"काय दिसायलंय, साहेब?"

"तुमच्या गोळ्या."

"गोळ्या? त्या तर गिळल्या. पोटात इरघळल्या असतील की."

"विरघळल्या. पोटातून रक्तात उतरल्या, छातीत गेल्या, ताप त्यांनीच मारला. मग काम झालं की त्या लघवीवाटे बाहेर पडतात. पण तिथं आंबट लागलं, पाणी कमी लागलं, तर विरघळलेली गोळी परत घट्ट होते. उसाचा रस आटवला की गुळाची ढेप होते ना, तशी. बाहेर पडायची वाटच बुजवून टाकते."

तानुबाईनं लेकाकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे. "मला दावा," ती म्हणाली.

बन्सीधर हसला. "मावशी, तुमाला काय कळणार त्यातलं? अन् हात बघा, धूळ किती हाय."

"माझ्या लेकाच्या पोटातलं हाय ते," ती म्हणाली. "मला दावा."

डॉक्टर उठले आणि त्यांनी आपलं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. हे बन्सीधरनं आपल्या उभ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. तो गुपचूप बाजूला झाला.

तानुबाईला एक डोळा मिटता येईना. तिनं तो तळहातानं झाकला. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग नुसता पांढरा गोल, पुनवेच्या चंद्रासारखा. डॉक्टरांनी बाजूची चकती हळूच फिरवली. त्या गोलात काहीतरी हललं, धूसर होतं ते स्पष्ट झालं, आणि तानुबाई स्टुलावर ताठ झाली.

"अगं माय," ती म्हणाली. "ह्या तर पेंढ्या हायेत."

कडब्याच्या पेंढ्या. पिवळट, लखलखीत, एकीवर एक पडलेल्या. दोन्ही टोकांना ताटं पसरलेली आणि मधे आवळून बांधलेली. शंभर असतील, हजार असतील. पोरसवदा होती तेव्हापासून तानुबाईनं दुसरं काही केलं नव्हतं. माघ लागला की ज्वारीच्या रानात उतरायचं, उपटलेली ताटं कवेत घ्यायची, दोन ताटांचा पीळ घालायचा, गुडघ्यानं दाबून गाठ मारायची, पेंढी मागे टाकायची आणि पुढची कवेत घ्यायची. मालक आबासाहेबांच्या रानात तिनं बांधलेल्या पेंढ्या लांबून ओळखू येत. बाकीच्या बाया बरोबर मध्यात बांधत. तानुबाई मध्याच्या जरा वर बांधायची, कारण बुडाकडची बाजू जड असते आणि गाडीत भरताना पेंढी फसकटते. तिच्या पेंढीची गाठ वाटेत कधी सुटली नव्हती.

आणि या पेंढ्याही मध्यात बांधलेल्या नव्हत्या. जरा वर होत्या.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळा काढावासा वाटला, पण काढवेना. ती एवढीशी काच, तिच्यावर एक थेंब, आणि त्या थेंबात केवढं मोठं रान! कुणीतरी तिच्या लेकाच्या पोटात सुगी केली होती. ताटं उपटली होती, तिच्याच हातानं बांधावीत तशी बांधली होती आणि दारातच गंजी रचून ठेवली होती.

"कुनी बांधल्या, साहेब?"

"कुणी नाही. आपोआप होतात."

"पेंढी आपोआप बांधली जाती व्हय?"

कॉलेजात डॉक्टरांना या स्फटिकांचं नाव शिकवलं होतं, आकृती काढून घेतली होती. पण पेंढी आपोआप कशी बांधली जाते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. ते थोडं हसले. "मलाही नवलच वाटतं," ते म्हणाले. "आता डोळा काढू नका. बघत राहा."

त्यांनी ती भरलेली बाटली उघडली. तिचं बूच आज पहिल्यांदा निघालं. काचेच्या काडीनं एक थेंब घेतला आणि पातळ काचेच्या कडेला टेकवला. तो आपोआप आत ओढला गेला.

तानुबाईला आधी नुसती एक लाट दिसली. पेंढ्या हलल्या, थोड्या सरकल्या. मग कडेच्या पेंढीची टोकं बोथट झाली. ताटं बारीक झाली, बारीक होत होत केसाएवढी राहिली, मधली गाठ सैल पडली आणि जिथं पेंढी होती तिथं उजेड राहिला. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची. कुठं आवाज नाही, धूर नाही, राख नाही. एकेक पेंढी जणू कुणी हळूच हातातून सोडून देत होतं. तानुबाईनं श्वास रोखून धरला होता. कितीतरी वेळानं तो गोल पुन्हा पांढरा स्वच्छ झाला, पुनवेच्या चंद्रासारखा.

"गेल्या," ती पुटपुटली. "कुठं गेल्या, साहेब?"

"कुठंच नाही गेल्या. त्याच पाण्यात आहेत. आंबटात त्या घट्ट होतात, या बाटलीतल्या सोड्याच्या खाऱ्या पाण्यात विरघळतात. विरघळल्या की दिसत नाहीत, आणि अडतही नाहीत."

"भाजीतल्या मिठागत."

"अगदी तसं. दोन दवा भांडत नव्हत्या, तानुबाई. गोळी आत जायची, आणि ही तिला बाहेर जायला वाट करून द्यायची. दोघी जोडीनं निघाल्या होत्या."

तानुबाईनं दुर्बिणीपुढे हात जोडले. मग उठली आणि पदरानं डोळे पुसले. ते पाण्यानं भरले होते की एकटक बघून चुरचुरत होते, तिचं तिलाच कळेना. "लेकाच्या पोटातल्या बी अशाच जातील?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी लपवलं नाही. "वाट पुरती बुजली नसेल, तर जातील. हे खारं पाणी आणि साधं पाणी, आळीपाळीनं पाजत राहा. घोट घोट, पण थांबायचं नाही. दिवस मावळायच्या आत लघवी झाली तर पोरगा तुमचा. नाही झाली तर माझ्या हातात काही नाही. हैदराबादला न्यावं लागेल, आणि तिथवर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "झाली की स्वच्छ भांड्यात धरा. मला बघायचीय."

मुंजाजीला ओसरीच्या टोकाला, खांबाच्या आडोशाला घोंगडीवर निजवलं. तानुबाईनं गाडीतून आपला पितळी तांब्या आणला. माहेराहून आलेली तेवढीच एक वस्तू तिच्याजवळ उरली होती. दवाखान्याच्या आडावरून तो भरून आणला आणि लेकाच्या तोंडाला लावताना तिचा हात थबकला. उभा जन्म जे करू नये म्हणून ऐकलं, ते करायला हात धजेना. मग तिला त्या विरत जाणाऱ्या पेंढ्या दिसल्या. तिनं त्याची मान उचलली.

"पी, बाळा."

मुंजाजीनं डोळे उघडले. "पानी?" त्याला खरं वाटेना. "माय, पानी देतीस?"

"देते. पी."

पहिल्या तांब्यातलं सगळं त्यानं ओकून टाकलं. तिनं तोंड पुसलं, पुन्हा दिला. आधी बाटलीतलं, मग आडाचं.

ओसरीच्या पायरीजवळ सटवाजीबाबा बसलेला असायचा. दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली, औषधाचे थेंब घालून घ्यायला तो रोज यायचा आणि दिवसभर बसून राहायचा. घरी तरी काय होतं बसायला? डोळे गेले होते, पण कान सगळीकडे असत.

"कोन गं बाई, तापातल्या मानसाला पानी पाजायली?" त्यानं मान वळवून विचारलं. "मारतीस का पोराला?"

"डागदरसायबानं सांगितलंय, बाबा. त्याच्या पोटात पेंढ्या झाल्यात. त्या इरघळवायच्यात."

"पेंढ्या?"

"कडब्याच्या. बारीक. म्या माझ्या डोळ्यांनी बघितल्या."

सटवाजीबाबाला हसता हसता खोकला लागला. "ऐका रे! मुतात कडबा! अगं मंग आत एक बैल बी बांधा म्हणावं सायबाला."

ओसरीवरचे दोघे-चौघे हसले. तानुबाई हसली नाही, चिडलीही नाही. जे तिनं पाहिलं होतं ते यांनी पाहिलं नव्हतं, त्याला ते तरी काय करणार? तिनं तांब्या पुन्हा भरून आणला.

दुपार चढली. डॉक्टर मधूनमधून येऊन मुंजाजीच्या पोटावर हात ठेवून जात. मुंजाजी कळ आली की तिचं मनगट धरायचा, आणि त्याच्या बोटांचे वळ तिथं उमटायचे. ती त्याला तेच तेच सांगत राहिली. एक थेंबभर पाण्यात केवढं रान असतं, अन् त्यात पेंढ्या कशा पडलेल्या असतात, अन् त्यांची टोकं आधी कशी बोथट होतात. "पयली जाते ती कडंची," ती म्हणाली. "मंग तिच्या बाजूची. तू नुस्ता पीत ऱ्हा." त्याला ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण तो पीत होता. सटवाजीबाबाची चेष्टा मघाच थांबली होती. तोही मान तिरकी करून ऐकत होता.

ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. संध्याकाळच्या तपासणीची माणसं जमायला लागली. समोरच्या लिंबाची सावली लांब होत होत दवाखान्याच्या भिंतीला टेकली, तेव्हा तानुबाईनं बाटली उचलून बघितली. तळाला थोडं उरलं होतं. तेही तिनं पाजलं.

"माय," मुंजाजी म्हणाला. "मला उठीव."

तिनं त्याला खांबाला धरून उभं केलं. दवाखान्याचं भांडं कुणीतरी आत नेलेलं होतं आणि शोधायला वेळ नव्हता. स्वच्छ भांड्यात धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्या हातात एकच भांडं होतं. उरलेलं पाणी तिनं अंगणात ओतलं, तांब्या पदराच्या आतल्या बाजूनं कोरडा केला आणि पुढे धरला.

आधी काहीच नाही. मग दोन थेंब, लाल. मुंजाजीनं खांब कवटाळला, कपाळ त्यावर टेकवलं, त्याच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला. तानुबाईनं डोळे मिटून घेतले. आणि मग तिनं तो आवाज ऐकला. पितळेवर बारीक धार पडल्याचा. अडली, पुन्हा लागली, पुन्हा अडली, आणि मग अडेचना. तांब्या तिच्या हातात जड होत गेला, कोमट होत गेला.

मुंजाजी खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावरची आवळलेली रेघ न् रेघ सैल पडली होती. "लय हलकं वाटायलंय, माय," तो म्हणाला आणि घोंगडीवर आडवा होताच त्याचा डोळा लागला.

डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते. तिथवर सगळी ओसरी माणसांनी भरलेली. तानुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, त्याचंच टोक तांब्यावर झाकलं आणि दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरून ती निघाली. एक थेंब सांडू द्यायचा नव्हता. ती खाली बघत, पाऊल मोजून टाकत चालली होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून वाहत होतं ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. समोरची माणसं तिला बघून आपोआप सरली. एकीनं पोराला मागे ओढलं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. बोलणी थांबली.

सटवाजीबाबाला ती शांतता ऐकू आली. पावलं जवळ आल्याची चाहूल लागताच त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "काय हाय रं?"

"एक बाई तांब्या घिऊन यायली. पदरानं झाकलेला."

सटवाजीबाबानं उजव्या हाताचा पसा केला आणि डावा हात खाली धरून, तीर्थ घ्यायला पुढे केला.

तानुबाई थांबली.

"तीर्थ न्हाई, बाबा," ती हळूच म्हणाली. "माझ्या लेकाचं मूत हाय."

म्हाताऱ्याचा हात तसाच राहिला. फुलं पडलेले डोळे त्यानं तिच्या आवाजाकडे वर उचलले. "झालं व्हय पोराला?" त्यानं विचारलं.

"झालं."

सटवाजीबाबानं तो रिकामा हात कपाळाला लावला. मग पाय जवळ ओढून घेऊन तिला वाट करून दिली, आणि तानुबाई पुढे गेली.